माणसाची ओळख कोणी लिहावी?



आताच चिटणीसांनी माझा परिचय करून दिला. परिचय चांगला झाला. इतका चांगला की हा गृहस्थ कोण आहे, एकदा भेटले पाहिजे, असे मधूनमधून मलाच वाटू लागले. एक गोष्ट मात्र त्यांनी मोठ्या खुबीने गाळली. ती म्हणजे माझे शिक्षण. मी नववी नापास आहे. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या लाकडी कपाटातले, आणि तेही बहुतेक संपाच्या दिवसांत. एरवी सवड कुठे होती? चिटणीसांनी ते गाळले ते माझ्या भल्यासाठीच, याबद्दल शंका नाही. पण माझा आजचा विषय नेमका तोच आहे. माणसाची ओळख कोण लिहितो, काय लिहितो, काय गाळतो, आणि लिहिलेला कागद शेवटी कोणाच्या पेटीत राहतो?

हल्ली ही ओळख मोबाइलच्या पडद्यावर लिहितात आणि तिला प्रोफाइल म्हणतात. माझ्या मुलीने गेल्या वर्षी माझीही एक उघडून दिली. नाव, फोटो, शिक्षण, अनुभव असे रकाने भरून झाले आणि 'कौशल्ये' या रकान्यापाशी गाडी अडली. मी म्हटले, "लिही, भांडलेली माणसे एका चटईवर बसवता येतात." ती म्हणाली, "बाबा, असा पर्याय यात नाहीये." शेवटी तिने 'व्यवस्थापन' असे लिहिले. ज्या व्यवस्थापनाशी मी तीस वर्षे भांडलो, तेच माझे कौशल्य ठरले!

मी भंडारदऱ्याकडचा. तुमच्यापैकी पुष्कळांनी तिथले धरण पाहिले असेल. प्रवरा नदीवरचे हे दगडी धरण १९१० साली बांधायला घेतले आणि १९२६ साली पुरे झाले. उंची दोनशे सत्तर फुटांच्या आसपास, आणि पोटात अकरा टीएमसी पाणी. त्या पाण्यावर संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे ऊस उभा राहिला, आणि पुढे लोणीचा सहकारी साखर कारखानाही त्याच कालव्यांच्या आधाराने निघाला. धरणाला नाव मिळाले मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे. जलाशयाला नाव मिळाले आर्थर. दोन साहेबांची दोन नावे दगडाला आणि पाण्याला कायमची लागली. ज्यांनी सोळा वर्षे तो दगड फोडला, घडवला, डोक्यावरून वाहिला, त्यांत माझे पणजोबा होते असे आमच्या घरात सांगतात. ते खरे की खोटे, हे सिद्ध करायला माझ्याजवळ आजीच्या बोलण्यापलीकडे काही नाही. हजेरीपट रोजचा असतो, मजुरी चुकती झाली की त्याचे काम संपले. कोनशिलेचे काम मात्र तिथून पुढे सुरू होते.

म्हणजे स्वतःची ओळख लिहून ठेवण्याची हौस आजची नाही. ती पुरवण्याची ऐपत फक्त थोड्यांजवळ होती. आमच्या डोंगराच्या पलीकडे त्र्यंबकेश्वर आहे. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या तुम्ही पाहिल्या असतील. गावाचे आणि आडनावाचे नाव सांगितले की वही निघते, आणि आजोबा कधी आले होते, बरोबर कोण कोण होते, हे त्यांच्याच सहीनिशी वाचायला मिळते. आपण त्याखाली आपली व मुलाबाळांची नावे लिहायची आणि निघायचे. पिढ्यान्‌पिढ्यांची माणसे एका पानावर भेटतात. प्रोफाइलची ही फार जुनी आणि माझ्या मते बरीच सभ्य जात आहे. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा निघाला म्हणजे वतनदार आपली 'करिना' लिहून देत. आमचे घराणे कोठून आले, कोणी कोणती चाकरी केली, कोणी वतन कसे बळकावले, याची ती कहाणी असे. तिच्यात स्वतःची स्तुती भरपूर आणि भाऊबंदांची निंदा त्याहून भरपूर. आजच्या प्रोफाइलमध्ये फक्त पहिला भाग शिल्लक राहिला आहे.

गरिबाची ओळख मात्र दुसराच लिही. इंग्रज साहेबाच्या घरी खानसामा, माळी, आया कामाला असत. साहेब विलायतेला निघाला की तो त्यांना एक चिठ्ठी लिहून देई. पुढच्या साहेबाला ती दाखवायची. आपल्या 'चिठ्ठी'वरूनच इंग्रजीत 'चिट' हा शब्द गेला. चिठ्ठी इंग्रजीत आणि ती बाळगणाऱ्याला इंग्रजी येत नसे. तेव्हा 'हा माणूस आळशी आहे' असे लिहिलेला कागद तो अदबीने नव्या साहेबापुढे करी, अशा गोष्टी साहेब लोक क्लबात हसत हसत सांगत. आपल्याच खिशात आपल्याविरुद्धची साक्ष आणि आपल्याला तिचा पत्ता नाही! ब्रिटिश व्यापारी जहाजांवर खलाशाचे एक पुस्तक असे. सफर संपली की कप्तान त्यात शेरा मारी. 'व्ही. जी.' म्हणजे फार चांगला. आणि 'डी. आर.' म्हणजे 'अभिप्राय देण्यास नकार'. हा दुसरा शेरा सगळ्यांत वाईट. ज्याच्या पुस्तकात तो पडला त्याला पुढचे जहाज मिळणे कठीण. काहीही न लिहिता माणसाला बुडवायची ही युक्ती होती. आपल्या गोव्याचे तारवटी असेच पुस्तक छातीशी धरून मुंबईला येत आणि धोबीतलावच्या, माझगावच्या 'कूडां'त, म्हणजे आपापल्या गावाच्या सामाईक बिऱ्हाडांत, पुढच्या जहाजाची वाट पाहत.

एक गोष्ट मला वाचताना फार लागली, ती इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर इथे विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या एका कंत्राटदाराकडून करारावर सहीच्या जोडीला सबंध पंजाचा ठसा घेतला. कंत्राट कशाचे? रस्त्यासाठी माल पुरवण्याचे. पुढे याच कल्पनेतून बोटांचे ठसे आले, १८९७ साली कलकत्त्यात त्यांची कचेरी निघाली, आणि आज रेशनच्या दुकानात अंगठा टेकवल्याशिवाय धान्य मिळत नाही. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. माझ्या आईच्या अंगठ्याच्या रेषा खुरप्याने पुसून गेल्या होत्या. यंत्र तिला ओळखीना. काम केल्याची याहून चांगली ओळख कोणती असते? पण यंत्राला ती चालत नाही.

सरकारने लिहिलेल्या ओळखीचे टोक म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. त्यात सबंध जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंदवल्या. रजिस्टर, हजेरी, परवान्यावाचून गाव सोडायचे नाही. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. रजिस्टर मिटले, पण शेरा पुसला गेला का, हे एखाद्या पारध्याच्या पोराला विचारा.

आता गिरणगावात या, कारण तिथे दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या. कोकणातून, घाटावरून, आमच्या अकोले-जुन्नरकडून माणूस मुंबईत उतरे तेव्हा त्याच्याजवळ कागद नसे. परळ-लालबागच्या एखाद्या खोलीच्या दारात उभे राहून तो आपल्या गावाचे नाव सांगे. गावाचे नाव, बापाचे नाव, फार तर आतेमामेकडचे एखादे नाते. तेवढ्यावर त्याला पथारी टाकायला जागा आणि खानावळीत पान मिळे. एका खोलीत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस गडी, पाळीप्रमाणे झोपणारे. या गावमंडळांच्या खोल्या म्हणजे माणसाने माणसाला जोडण्याची मोठीच यंत्रणा होती, आणि तिला विजेची गरज नव्हती.

पण गिरणीच्या दाराशी ही ओळख उपयोगी पडत नसे. तिथे मुकादम उभा. बदलीवाले रोज पहाटे दारात जमत आणि आज कोणाला आत घ्यायचे ते मुकादम बोट दाखवून ठरवी. त्याला दस्तुरी द्यावी लागे, त्याच्या घरच्या लग्नात राबावे लागे, त्याने सांगितलेल्या दुकानातून माल घ्यावा लागे. १९३१ च्या व्हिटली कमिशनने या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. १९३५ साली मिलमालक संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची योजना आणली. कार्डामुळे मुकादमाचे बोट आखडले हे खरे. पण कार्ड मालकांच्या संघाचे होते, हेही खरे.

कामगाराने स्वतः आपले नाव लिहिण्याची गोष्ट याच्या अर्धे शतक आधीची आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे एका गिरणीत भांडारपाल होते आणि 'दीनबंधू' पत्र चालवीत. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार, अपघातात जायबंदी झालेल्याला मदत, अशा मागण्या. १८८९ च्या अर्जावर सतरा हजार नावे झाली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. आपण सारे आज रविवारी इथे बसलो आहोत ते कोणाच्या कृपेने, हे ध्यानात यावे. मी तरुणपणी हे वाचले तेव्हा मला मागण्यांपेक्षा त्या सह्यांचे नवल वाटले. त्यांपैकी किती जणांना अक्षर येत असेल? पण मुकादमाच्या वहीत ज्याचे नाव होते, त्याने ते पहिल्यांदा आपल्या बाजूच्या कागदावर घातले. शेजाऱ्याच्या नावाखाली आपले नाव, त्याखाली तिसऱ्याचे. एकट्याचे नाव पकडता येते, सतरा हजारांचे काय करणार?

कागदाची किंमत किती, हे पुढे १९८२ च्या संपानंतर कळले. गिरण्या बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या, आणि कामगारांना घरे द्यायचे ठरले तेव्हा दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. तुम्ही गिरणीत होता याला पुरावा काय? तिकीट नंबर, हजेरीपटातली नोंद, विमा कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची पावती. २०१२ साली मोठी सोडत निघाली. ज्यांच्या बायकांनी ट्रंकेच्या तळाशी जुना पास जपून ठेवला होता त्यांचे अर्ज पुढे सरकले. ज्यांच्या घरात पुराचे पाणी शिरले होते, त्यांनी तीस वर्षे साच्यावर काढली ही गोष्ट सांगायला साच्याखेरीज साक्षीदार नव्हता, आणि साचे तर भंगारात गेले होते.

माझा स्वतःचा कागदही सांगतो. १९९४ साली एका कारखान्यातून मला काढले. युनियन बांधत होतो, कारण दुसरे नव्हते. सेवेचा दाखला मागण्याचा कामगाराला हक्क असतो, मी मागितला. त्यात सहा वर्षांच्या कामाबद्दल एक ओळ आणि खाली शेरा: 'वर्तणूक समाधानकारक नव्हती.' तो दाखला घेऊन मी एका मागून एक पाच कारखान्यांच्या दारांतून परत आलो. सहाव्या ठिकाणी तो दाखवलाच नाही, अनुभव नाही म्हणून सांगितले आणि हेल्पर म्हणून नव्याने सुरुवात केली. सहा वर्षे माझ्या आयुष्यातून मी स्वतः गाळली. तेव्हा प्रोफाइलमध्ये 'अनुभव' लिहिताना मुलीने विचारले, "सुरुवात कुठून करू?" तेव्हा मी १९८८ असे सांगितले आणि त्या कारखान्याचे नाव घालायला लावले. तिला काही विशेष वाटले नाही. मी मात्र उठून बाहेर जाऊन बिडी ओढून आलो.

म्हणून ज्यांना ही पडद्यावरची ओळख म्हणजे पोरखेळ वाटतो, त्यांच्याशी मी सहमत नाही. मराठी माणसे या नव्या वाटेवर बरीच लवकर गेली. परदेशातल्या मराठी मंडळींनी १९९६ साली 'मायबोली' हे संकेतस्थळ काढले. लिंक्डइन २००३ साली सुरू झाले. फेसबुक आणि ऑर्कुट दोन्ही २००४ चे. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले आणि त्यावरचे लाखो लोकांचे गणगोत एका दिवसात उठले. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. सरकारनेही २६ ऑगस्ट २०२१ रोजी असंघटित कामगारांसाठी ई-श्रम सुरू केले. बारा आकडी नंबर, आणि तीस कोटींवर नोंदी. नोंद झाली. पण त्या तीस कोटींना एकमेकांशी बोलायची सोय तिच्यात नाही. सही शेजाऱ्याच्या सहीखाली नसली की ती फक्त हजेरी होते.

आणि माझ्या त्या पानाने मला एक माणूस परत दिला. नारायणगावच्या बाजूला आमच्याकडची माणसे भाजीच्या आणि द्राक्षांच्या कामाला जातात. तिथे मजूर पुरवणाऱ्या एकाने माझा फोटो पाहून निरोप पाठवला: "१९९२ च्या गेटमीटिंगला डबा घेऊन आलेला तो मीच." बत्तीस वर्षांनी! आम्ही दोघेही एकाच दिवशी कामावरून निघालो होतो.

आता पुन्हा भंडारदऱ्याला येतो. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, रतनवाडी या गावांतल्या पोरांनी गेल्या काही वर्षांत जलाशयाच्या काठी तंबू ठोकले. घराच्या पडवीत पाहुणे ठेवू लागले. कोणी कळसूबाईला वाटाड्या, कोणी साम्रदच्या सांदण दरीत दोर धरणारा. बाप ज्या वयात घोटीला हमालीला गेला, त्या वयात पोरगा मोबाइलवर आपले पान उघडून बसला आणि पुण्या-मुंबईची माणसे त्याच्या अंगणात उतरली. मला याचा अभिमान आहे. मेअखेर आणि जूनच्या आरंभी, पाऊस लागण्यापूर्वी, हिरड्या-बेहड्याच्या झाडांवर काजवे लखलखतात, ते पाहायला तर रीघ लागते. (काजव्याचा प्रकाश ही त्याचीही ओळखच, नर चमकून विचारतो आणि मादी चमकून उत्तर देते. मोटारींच्या दिव्यांत आणि मोबाइलच्या विजेरीत त्यांना एकमेकांचे उत्तर दिसत नाही. त्यांची तक्रार मी तुमच्यापर्यंत पोहोचवतो, त्यांची युनियन नाही.)

या पोरांच्या पानावर पाहुणा तारे देतो. पाच तारे म्हणजे 'व्ही. जी.'. एका पोराला आषाढात आलेल्या पाहुण्याने एक तारा दिला आणि कारण लिहिले, 'पाऊस फार पडतो.' यावर हसून सोडता आले. पण ऐन काजव्यांच्या दिवसांत एक सकाळी त्याचे पानच नाहीसे झाले. 'नियमांचा भंग' एवढेच उत्तर. कोणता नियम, ते नाही. चार वर्षांचे फोटो, पाहुण्यांचे चांगले शब्द, जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते, सगळे त्यात. त्याने विनवणी लिहिली. यंत्राने आभार मानले. दुसऱ्यांदा लिहिली, यंत्राने पुन्हा आभार मानले. तो माझ्याकडे आला तेव्हा मी सवयीने विचारले, "मॅनेजर कुठे बसतो?" आणि तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मुकादम वाईट होता, पण त्याला घर होते. त्याच्या ओट्यावर चाळीस माणसे नेऊन बसवता येत होती. हा नवा मुकादम राहतो कुठे?

कायदा हळूहळू जागा होतो आहे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तिच्यात प्लॅटफॉर्म कामगार हा शब्द कायद्याने ओळखला. कर्नाटकाने २०२५ च्या आपल्या कायद्यात अशा कामगाराला कमी करण्यापूर्वी लेखी कारण आणि चौदा दिवसांची सूचना सक्तीची केली. पण आमचा तंबूवाला कामगार ठरत नाही, तो धंदेवाला ठरतो. खिशात धंदा दोन महिन्यांचा आणि कर्ज बारा महिन्यांचे.

आमच्याच अकोले तालुक्यात कोंभाळणे म्हणून गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी देशी वाणांची बियाणी घरात जपली. २०१८ साली बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांत त्यांचे नाव घेतले आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याबद्दल जगभर लिहिले गेले. उद्या ते सारे लिखाण पुसले, तरी मडक्यातले बी राहीलच. मी त्या पोराला हे सांगितले. तो म्हणाला, "काका, माझं बी तर त्या पानातच होतं." त्याचे खरे होते, आणि मला लगेच उत्तर सुचले नाही.

मग आम्ही जे केले ते जुनेच केले. वीस-बावीस तंबूवाले आणि घरी पाहुणे ठेवणारे शाळेच्या ओट्यावर बोलावले. दोनशे पानी वही आणली. प्रत्येकाने आपल्या हाताने नाव, गाव, काय सोय आहे, दर काय, हे लिहिले. ज्या पाहुण्यांनी हो म्हटले त्यांचे पत्ते निराळ्या भागात उतरवले. ज्याचे पान बंद होईल त्याची गिऱ्हाइके त्या काळात बाकीच्यांनी त्याच्याकडेच पाठवायची, असे ठरले. वहीवरून एक सामाईक पान पडद्यावरही काढले. पहिले नाव कोणाचे यावर तासभर भांडण झाले आणि ते अकारविल्ह्याने मिटले. ओळखीचा मजकूर काय घालावा, यावर मात्र मिटेना. पोरांना 'निसर्गाच्या कुशीत' असे काहीतरी हवे होते. एका म्हातारीने सांगितले, "लिहा, झोपाय जागा हाय, भाकर गरम भेटंल, पाऊस लई असतो." तसेच लिहिले.

त्या पोराचे जुने पान अजून परत मिळालेले नाही. वही शेंडीला असते, आणि तिची एक प्रत माझ्याकडे.